घोड्यामागचे घर



भाषणाचे नाव ऐकून ही पागेची किंवा सर्कशीची हकीगत असावी असे कुणाला वाटेल. तसे नाही. आमच्या भोसरी-चाकण भागात मोठ्या ट्रेलरच्या पुढच्या तोंडाला, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हरची केबिन असलेल्या आखूड गाडीला, 'घोडा' म्हणतात. मागचा लांब सांगाडा सोडवून ठेवला की घोडा मोकळा. दुसरा सांगाडा जोडला की पुन्हा कामाला लागला. चाकणहून मोटारी भरून निघालेले असे ट्रेलर नाशिक रस्त्यावर दिवसरात्र दिसतात. असा एखादा जुना घोडा विकत घ्यावा, त्याच्यामागे लोखंडाच्या सांगाड्याऐवजी राहते घर जोडावे आणि मुलामाणसांसह देश पाहत हिंडावे, ही कल्पना कशी काय आहे, याचा आज विचार करायचा आहे.

ही कल्पना माझी नव्हे, माझ्या पुतण्याची. मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ट्रकच्या बॉड्या बांधण्याच्या कामात तीस वर्षे घालवली. पुतण्या एके दिवशी संध्याकाळी आला आणि म्हणाला, "काका, लिलावात एक घोडा स्वस्तात मिळतोय. मागं आपण घर बांधू. दोन खोल्या, मोरी, संडास, सगळं आत. बाबांना पंढरपूरला न्यायचंय. लॉजच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. तुम्ही फक्त हो म्हणा."

त्याचे बाबा म्हणजे माझे थोरले बंधू. त्यांना एक पाय नाही. तो का नाही हे मी पुढे सांगणार आहे, कारण त्याचा आजच्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे.

आधी हे सांगतो, की पुतण्याची कल्पना वेडगळ नव्हती. अमेरिकेत पुष्कळ लोक असे करतात. तिकडे लांब पल्ल्याचे जुने घोडे विक्रीला येतात. केबिनमध्ये निजण्याची सोय असतेच. मागच्या दोन आसांपैकी एक काढून गाडी आखूड करतात, चासीवर लहान मोटार चढवण्याएवढी फळी बसवतात, आणि मागे सात-आठ टनांचे फिरते घर जोडून निवृत्तीनंतर जोडपी वर्षभर हिंडतात. अर्ध-ट्रेलरच्या इतिहासात हौसेचाही वाटा आहे असे सांगतात. डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रुहॉफ नावाचा एक लोहार होता. गाड्या बांधणे हा त्याचा धंदा. १९१४ साली एका लाकडाच्या व्यापाऱ्याने त्याला सांगितले, की माझी होडी सुट्टीच्या मुक्कामी न्यायची आहे, माझ्या फोर्ड मोटारीमागे ओढता येईल असे काहीतरी करून दे. फ्रुहॉफने ते करून दिले. व्यापाऱ्याने ते पाहिले आणि लाकूड वाहण्यासाठीही तसेच मागवले. म्हणजे आधी सहल, मग व्यापार. जगभर माल वाहणाऱ्या लक्षावधी ट्रेलरांच्या वंशावळीत एका लोहाराने केलेला होडीचा गाडा आहे, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी.

आता हे जोडकाम चालते कसे ते पाहू. त्यासाठी अमेरिकेला जायला नको. आपल्या दारची बैलगाडी पुरे.

गाडीत पोती भरताना आपण काय पाहतो? भार मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते. दांडी वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून उठू पाहते. भार पुढे जास्त झाला तर सगळे वजन बैलांच्या मानेवर येते आणि बैल लवकर थकतात. शहाणा शेतकरी पोती अशी रचतो की बहुतेक भार आखावर बसावा आणि थोडासा मानेवर राहावा. तो थोडा भार हवाच. तो नसेल तर गाडी स्थिर चालत नाही.

ट्रेलरचा नियम अगदी हाच आहे. साध्या, मागच्या आकड्याला जोडलेल्या ट्रेलरचा दहा ते पंधरा टक्के भार आकड्यावर असावा असे मानतात. घोड्यावर टेकणाऱ्या अर्ध-ट्रेलरसारख्या घराचा पंधरा ते पंचवीस टक्के भार घोड्यावर येतो. हा भार जिथे टेकतो त्या तव्यासारख्या लोखंडी बैठकीला 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवे चाक म्हणतात. नाव जुन्या घोडागाडीवरून आले. तिच्या पुढच्या आसावर वळण्यासाठी एक आडवे कडे असे, ते पाचव्या चाकासारखे दिसे. ट्रेलरच्या पोटाखालची जाड खुंटी म्हणजे किंग पिन या बैठकीत जाऊन अडकते. ती पिन सामान्यतः दोन इंच व्यासाची असते, आणि फार अवजड कामासाठी साडेतीन इंचाची. एवढ्याशा खुंटीवर सगळा संसार लोंबकळत असतो!

हे मुलांना दाखवायचे असेल तर सोपा प्रयोग आहे. लाकडी फळी तिरपी ठेवा. खेळण्यातल्या मोटारीमागे दोन चाकांचा छोटा गाडा सैल जोडा. गाड्याच्या पुढच्या भागात वजन ठेवून मोटार उतारावरून सोडा. गाडा बहुधा सरळ मागे येईल. मग तेच वजन गाड्याच्या मागच्या टोकाला ठेवून सोडा. गाडा शेपटीसारखा डावीउजवीकडे झोके घेऊ लागेल आणि वेग वाढला तर मोटारीलाही फिरवील. हा एक प्रयोग मुलाने डोळ्यांनी पाहिला, की तो उद्या ट्रॉली भरताना उसाच्या मोळ्या मागे ढकलणार नाही.

आता माझी गोष्ट.

सुमारे १९७८ सालची. आमच्या गावाकडे मी ट्रॅक्टर चालवत होतो. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर दोन टनांचा, आणि मागचे ओझे दहा टनांच्या पुढे. ट्रॉल्यांना ब्रेक नव्हते. त्या काळी कुणाच्याच नसत, आणि आजही पुष्कळांच्या नसतात. दादा माझ्या शेजारी, चाकावरच्या पत्र्यावर बसलेले. उतार आला. डिझेल वाचवावे म्हणून मी गाडी गिअरमधून काढली. "गेरात ठेव रे," दादा म्हणाले. मी हसलो. पुढच्या शंभर-दीडशे हातांत वेग इतका वाढला की मी घाबरून ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबू पाहत होता, ट्रॉल्या थांबत नव्हत्या. त्यांनी ट्रॅक्टरला मागून ढकलले, आणि अडकित्ता मिटावा तशी सगळी गाडी मिटली. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांच्यामध्ये दादांचा पाय सापडला. मला खरचटलेसुद्धा नाही.

दादांनी मला त्यावरून आजवर एक शब्दही बोललेला नाही. तेव्हा श्रोतेहो, ट्रेलरविषयी मी जे सांगतो ते पुस्तकातले आहेच, पण निव्वळ पुस्तकातले नाही.

त्या दिवशी घडले काय ते समजून घेऊ. ओढणे सोपे असते. थांबवणे अवघड असते. दोन टनांचा ट्रॅक्टर दहा टन ओढू शकतो, कारण ओढायला तो हळूहळू वेळ घेतो. थांबवताना वेळ नसतो. शिवाय वेग दुप्पट झाला की गाडीतला जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी चाळीस किलोमीटरवर ब्रेक लावल्यापासून जेवढ्या अंतरात गाडी थांबते, त्याच्या चौपट अंतर ताशी ऐंशीवर लागते. आणि ब्रेक सतत दाबून घाट उतरला तर ते तापतात आणि तापले की धरीनासे होतात. म्हणून बोरघाट असो की दिवेघाट, जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत की ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला मागे धरते.

या दृष्टीने पाहिले तर पुतण्याच्या घोड्याची बाजू बळकट होती. अमेरिकेत मोठ्या ट्रेलरचे एकूण वजन ऐंशी हजार पौंड, म्हणजे सुमारे छत्तीस टन असू शकते. तेवढे थांबवण्यासाठीच घोडा बांधलेला असतो. त्याच्यामागे सात-आठ टनांचे घर म्हणजे जोडीच्या बैलांमागे बाळाचा पाळणागाडा. घर घोड्याला ढकलू शकत नाही. तिकडच्या लोकांनी ही युक्ती काढली ती याच कारणाने. लहान गाडीमागे मोठे घर जोडून अपघात होतात. मोठ्या गाडीमागे लहान घर जोडले तर निदान ती धास्ती राहत नाही.

शिवाय घोड्याचा ब्रेक हवेचा असतो. ट्रेलरकडे हवेच्या दोन नळ्या जातात. एकीने ट्रेलरच्या टाकीत हवा भरलेली राहते, दुसरीने ब्रेकचा हुकूम जातो. पहिली नळी तुटली, ट्रेलर सुटला, तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. नादुरुस्तीत गाडी थांबावी, पळू नये, हा त्यामागचा विचार. किती साधा आणि किती मोलाचा! आमच्या त्या ट्रॉल्यांना असे काही असते तर दादा आज दोन पायांवर चालले असते.

मग अडचण कुठे आहे? पुतण्याला मी चार गोष्टी कागदावर लिहून दिल्या. त्याच आपल्याला सांगतो.

पहिली गोष्ट, घोड्याची पाठ कठीण असते. तिच्यावर दहा-बारा टन टेकले की स्प्रिंगा दबतात आणि गाडी नीट चालते. दीड-दोन टनच टेकले तर स्प्रिंगा दबतच नाहीत. प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट घराला बसतो. कपाटांचे बिजागर, पाण्याच्या नळ्या, काचा सगळे खिळखिळे होते. म्हणून तिकडचे लोक हवेच्या फुग्यांवर बसवलेली बैठक वापरतात. आमच्या रस्त्यांचे वर्णन मी करीत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. घोड्याची बैठक मालाच्या ट्रेलरसाठी उंच ठेवलेली असते. राहत्या घराची पिन त्यामानाने खाली असते. तसेच जोडले तर घराचे नाक वर होते आणि आतला भार मागे सरकतो. म्हणजे पुन्हा ती उलाळ गाडीच! मग चासी उतरवा, नाहीतर घर उचला. दोन्ही कामे जाणत्याची.

तिसरी गोष्ट ब्रेकच्या भाषेची. घोड्याचा ब्रेक हवा बोलतो. तिकडच्या फिरत्या घरांचा ब्रेक बहुधा विजेवर चालतो. दोघांमध्ये दुभाष्या लागतो, म्हणजे हवेचा दाब मोजून तेवढीच वीज घराच्या चाकांना देणारे यंत्र. ते चुकले तर पुढचा थांबतो आणि मागचा चालतो. त्याचा परिणाम मी पाहिलेला आहे.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट कायद्याची. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कारखान्याने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत होईल असा बदल गाडीत मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. ट्रेलर ही कायद्याने वेगळी गाडी; तिची नोंदणी वेगळी. मालासाठी नोंदलेल्या घोड्याला घर ओढायला लावायचे तर परवानगी हवी, तपासणी हवी, आणि ड्रायव्हरजवळ त्या वजनाच्या गाडीचा परवाना हवा. साध्या हलक्या वाहनाचा परवाना साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला चालतो, त्यापुढे नाही. आणि कागद नीट नसतील तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते, हे अनेक घरांनी सोसलेले आहे.

पुतण्या म्हणाला, "काका, म्हणजे सगळं सरकारी लफडं. जुगाड करून कितीतरी जण गाड्या चालवतात."

मी त्याला गाडीवर बसवले आणि नाशिक रस्त्यावर केंद्रीय परिवहन संस्थेच्या फाटकापर्यंत नेले. ही संस्था, सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, १९६७ पासून आपल्या भोसरीत आहे. देशात नव्या प्रकारच्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या ज्या मोजक्या शासनमान्य संस्था आहेत, त्यांपैकी ही एक. "हे फाटक," मी म्हणालो, "तुला अडवायला बांधलेलं नाही. गाडीचा ब्रेक धरतो की नाही हे उतारावर कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं, एवढंच त्याचं काम. आम्हाला ते उतारावर कळलं." तो गप्प झाला. बापाचा पाय कसा गेला हे त्याला माहीत होते. गाडी कोण चालवत होते हे माहीत नव्हते. ते मी त्याला त्या दिवशी सांगितले.

आता आपण म्हणाल, घोडा आणि घर ही शहरातली हौस. खेड्यातल्या माणसाला तिचे काय? श्रोतेहो, ओढलेल्या गाड्यात बसून फिरायला आपणच सर्वांत जास्त जातो. जत्रेला ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत पंचवीस-तीस माणसे बसतात. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, कडेवर मुले. लग्नाचे वऱ्हाडही तसेच जाते. ती ट्रॉली माणसांसाठी नोंदलेली नसते. तिला ब्रेक नसतो, मागे दिवा नसतो, धरायला दांडा नसतो. ओढणाऱ्यापेक्षा ओढले जाणारे जड असते. अमेरिकेतल्या माणसाने सात टनांच्या घरासाठी छत्तीस टन थांबवणारा घोडा घेतला, आणि तरी प्रवासात घरात माणसे न बसवता पुढे केबिनमध्ये बसवली. आपण उलट करतो. पुढे हलके, मागे जड, आणि त्या जडात आपली माणसे.

त्याच वेळी आपल्याकडे शहाणपणाची उदाहरणेही आहेत. आळंदीहून माऊलींची पालखी दिघी-भोसरीच्या बाजूने पुण्याकडे निघते तेव्हा दिंड्यांचे ट्रक पाहा. तंबू, भांडी, शिधा, अंथरुणे असा सगळा संसार ट्रकवर. आणि वारकरी पायी. मुक्कामी ट्रक उभा राहिला की त्याच्या आधाराने तंबू लागतो, चूल पेटते. चालते घर म्हणजे दुसरे काय? आमच्याच रस्त्यावर पुढे नारायणगाव, तमाशाची पंढरी. तिथल्या फडांचे ट्रकही असेच. हंगामभर गावोगाव फिरताना कलावंतांचा संसार त्यांच्याच आसऱ्याने चालतो. फिरते घर ही आपल्याला परकी गोष्ट नाही.

मग ज्यांना खरोखरच असे फिरायचे आहे त्यांनी काय करावे? माझे मत असे, की आपल्या रस्त्यांना आणि घाटांना एकाच चासीवरचे घर बरे. त्याला मोटार कॅरव्हॅन म्हणतात. तिच्यात जोड नाही, त्यामुळे मिटण्याची भीती नाही. वळणावर मागची चाके आत कापत जाण्याचा त्रास कमी. आणि मागे घेणे सोपे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. अशा गाड्या भाड्यानेही मिळतात. तेव्हा आधी चार दिवस भाड्याने घेऊन पाहावी, मग विकत घेण्याचा विचार करावा. जुना घोडा लिलावात स्वस्त दिसतो, पण त्याचे टायर, डिझेल आणि उभा करायला लागणारी जागा स्वस्त नसते.

आणि ज्यांच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्यांना हात जोडून सांगणे: भार आखावर आणि थोडा पुढे ठेवा. जोडपिनेला अडकवणी घाला आणि साखळीही लावा. ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्या. मागे दिवा आणि चकाकणारी पट्टी लावा. उतारावर गाडी गिअरमधून काढू नका. ट्रॅक्टरच्या पत्र्यावर आणि दांडीवर कुणाला बसू देऊ नका. ट्रॉलीत माल न्या, माणसे नेऊ नका, त्यांच्यासाठी एस.टी. आहे, भाड्याची गाडी आहे. शिक्षकांनी हे फळ्यावर लिहावे. मूल घरी जाऊन बापाला सांगते तेव्हा बाप ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

शेवट सांगतो. पुतण्याने घोडा घेतला नाही. त्याने कॅरव्हॅन भाड्याने घेतली, ड्रायव्हरसह. दादा पंढरपूरला गेले. चंद्रभागेच्या वाळवंटाजवळ गाडी उभी केली. दारात खुर्ची टाकून दादा दिवसभर बसून होते. कुणाच्या आधाराशिवाय आत जात होते, बाहेर येत होते. परत येताना दिवेघाटाचा उतार लागला. मी दादांच्या शेजारीच बसलो होतो. इंजिनचा आवाज बदलला, जड झाला. दादांनी कान दिला आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "गाडी गेरात हाय न्हवं?"

मी म्हणालो, "हो दादा. गेरातच आहे."

ते मान हलवून खिडकीबाहेर पाहू लागले.